आधी पूररेषा आखा, मग इमारती उभारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या पश्चिम भागात, विश्वामित्री नदीच्या काठी, अकोटा आणि मुजमहुडा या पट्ट्यात जुन्या गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या जमिनींवर निवासी व व्यापारी संकुले उभी राहत आहेत. याच पट्ट्यातील एका जुन्या सोसायटीत मी लहानपणापासून राहते. या बदलाला माझा विरोध नाही. शहराला घरे लागणारच, बंद पडलेल्या शेडांना कायमचे कुलूप ठेवून कोणाचेच भले होणार नाही, आणि नव्या वस्तीबरोबर जे रुंद रस्ते, दवाखाने आणि दुकाने आली त्यांचा उपयोग आम्हीही रोज करतो. माझे म्हणणे एकाच गोष्टीपुरते आहे. नदीकाठच्या औद्योगिक जमिनीवर बांधकामाची परवानगी देण्याआधी पुराचे पाणी कुठवर येते ती रेषा प्रत्यक्ष जमिनीवर आखली गेली पाहिजे, आणि त्या रेषेच्या आत कारखान्यांच्या आवारांत जी सखल, मोकळी जागा आजवर टिकून राहिली आहे ती मोकळीच राहिली पाहिजे.

हा विषय एका उपनगरापुरता वाटेल, पण २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना, आणि मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्या पुणेकरांना, तो परका वाटणार नाही असा मला विश्वास आहे. म्हणूनच हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

बडोद्याची ओळख राजवाड्यांचे आणि विद्यापीठाचे शहर अशी आहे, परंतु हे शहर तितकेच कारखान्यांचेही आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले ते हातांना उद्योगाचे शिक्षण मिळावे म्हणून, आणि त्याच कलाभवनाशी निगडित असलेले प्रा. त्रिभुवनदास गज्जर, त्यांच्याबरोबर कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन, यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये औषधांची अलेम्बिक कंपनी उभी राहिली. १९३५ मध्ये लोकरी कापडाची दिनेश मिल निघाली, १९४३ मध्ये साराभाई केमिकल्स आली, आणि साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी व खतांचा मोठा कारखाना शहराच्या उत्तरेला उभे राहिले. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील वाड्यांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांतील पुरुष पिढ्यान् पिढ्या सरकारी नोकरीत होते. त्यांच्या मुलांपैकी काहींनी गिरणीचा आणि औषध कारखान्याचा रस्ता धरला आणि नदी ओलांडून या काठाला घरे बांधली. माझे वडील एका गिरणीच्या रंगखात्यात होते. आमच्या सोसायटीत त्या काळी ज्या घरातून सकाळी डबा घेऊन कोणी कामाला जात नसे असे घर सापडले नसते.

तो काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. कांसमधून, म्हणजे पावसाचे पाणी नदीपर्यंत नेणाऱ्या ओढ्यातून, कित्येकदा रंगीत आणि उग्र वासाचे पाणी वाहत असे आणि त्यात पाय घालू नये अशी आम्हा मुलांना सक्त ताकीद होती. उत्तरेकडील मोठ्या कारखान्यांचे सांडपाणी स्वतंत्र कालव्याने थेट खंबातच्या आखाताकडे नेण्याची व्यवस्था १९८३ मध्ये झाली, पण शहरातील लहानमोठ्या कारखान्यांचे आणि वस्तीचे पाणी विश्वामित्रीला पुढेही सोसावे लागले. तरीही कारखान्यांच्या उंच भिंतींच्या आत एक गोष्ट अशी होती जिची किंमत तेव्हा कोणालाच कळली नाही, आणि ती म्हणजे मोकळी जमीन.

ज्यांनी ही आवारे आतून पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणते ते लगेच उमजेल. शेड, बॉयलर, गोदामे आणि कचेरी यांनी आवाराचा काही भाग व्यापलेला असे. उरलेल्या जागेत कोळशाचे ढीग, माल वाळवण्याची मैदाने, पाण्याची तळी, कडुनिंब आणि शिरीष यांच्या रांगा, आणि नदीच्या बाजूला काहीही न बांधलेली, गवताने भरलेली, उतरत जाणारी जमीन असे. ही जमीन सखल होती म्हणून तिच्यावर कोणी बांधले नाही, आणि भिंतीच्या आत होती म्हणून तिच्यावर अतिक्रमणही झाले नाही. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी आधी या जागांत शिरत असे, दोन-तीन दिवस तिथे थांबत असे आणि नदी उतरली की परत जात असे. कारखान्याच्या मालकाने हे परोपकार म्हणून केले नव्हते आणि कोणत्याही नगररचनाकाराने ते नकाशावर दाखवले नव्हते. परंतु त्यामुळे आमच्यासारख्या शेजारच्या वस्त्यांच्या वाट्याचे पाणी कमी होत होते, हे आता त्या जागा भरल्या जाऊ लागल्यावर आमच्या ध्यानात येत आहे.

विश्वामित्रीचा स्वभाव ओळखल्याशिवाय याचे गांभीर्य कळत नाही. ही नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोद्यातून अत्यंत वळणे घेत जाते आणि पुढे पिंगळवाड्याजवळ ढाढर नदीला मिळून खंबातच्या आखाताकडे वळते. वर्षातले आठ महिने ती इतकी बारीक असते की पुलावरून जाणाऱ्याचे तिच्याकडे लक्षही जात नाही, आणि पावसाळ्यातल्या दोन-तीन दिवसांत ती आपली सारी खोली भरून काठांवर येते. १८९२ मध्ये पूर्ण झालेले आजव्याचे सयाजी सरोवर, प्रतापपुऱ्याचे सरोवर आणि शहरातील असंख्य कांस, या सर्वांचे पाणी शेवटी तिच्याचकडे येते. आजव्याचे पाणी सुटले की ते काही तासांनी शहरात पोहोचते, आणि त्याच वेळी शहरात मोठा पाऊस चालू असला तर नदीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना जी कोतरे आहेत, म्हणजे पाण्याने कापलेल्या मातीच्या खोल घळी, त्या म्हणजे निरुपयोगी खड्डे नव्हेत. पुराचे पाणी पसरण्यासाठी नदीने शतकानुशतके स्वतःच घडवलेली ती जागा आहे.

३१ जुलै २०१९ रोजी या शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आम्हाला पहिल्यांदा वाटले की असा दिवस आयुष्यात पुन्हा यायचा नाही. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात, विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्याही वर गेली. धोक्याची पातळी २५ फूट मानली जाते. लष्कर आणि आपत्ती निवारण दलाच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. अकोटा स्टेडियमच्या परिसरात घराच्या छपरावर विसावलेल्या मगरीचे छायाचित्र तेव्हा देशभर पाहिले गेले आणि अनेकांना त्याची गंमत वाटली, पण आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या वृद्ध माणसांना वरच्या मजल्यावर उचलून नेताना आणि औषधांचे डबे शोधताना कोणाला गंमत सुचली नाही. वीज नव्हती, पिण्याचे पाणी नव्हते, आणि पाणी ओसरल्यावर घराघरांतून बाहेर काढलेल्या भिजलेल्या गाद्या, धान्य आणि पुस्तके यांचे ढीग कितीतरी दिवस रस्त्याच्या कडेला पडून होते. ज्या घरांत पूर्वीच्या कुठल्याही पुरात पाणी आले नव्हते अशा काही घरांत या वेळी ते आले. याचे सगळे खापर मी नव्या बांधकामांवर फोडत नाही. इतका पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता. पण पाणी जिथे पसरत होते ती जागा आपण कमी केली आणि त्याचा काहीच परिणाम झाला नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

आमच्या शेजारचेच उदाहरण देते. एका जुन्या कारखान्याचे आवार पावसाळ्यात दर वर्षी पाण्याखाली जात असे आणि त्या पाण्यावर बगळे उतरत असत. जमीन विकली गेली, शेड पाडली गेली आणि मग कित्येक आठवडे मातीने भरलेले डंपर तिथे रिकामे होत राहिले. आज ती जमीन आमच्या रस्त्यापेक्षा पुरुषभर उंच आहे, आणि तिच्यावर जी संकुले होतील त्यांच्या जाहिरातीत पुराची चिंता नसलेले घर असे आवर्जून सांगितले जाते. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने ते खरेही असेल. पण पाणी नाहीसे होत नाही. एक हेक्टर जमीन दीड मीटर भरली तर पंधरा हजार घनमीटर, म्हणजे दीड कोटी लिटर पाण्याची जागा जाते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे तर दीड हजार टँकर. तेवढे पाणी भरावाच्या कडेने सरकून जी वस्ती खाली राहिली तिच्याकडे जाते, आणि खाली राहिलेली वस्ती बहुतेक वेळा जुनी, बैठी आणि कमी पैशांची असते. पुढच्या जमिनीचा मालक मग आणखी उंच भराव घालतो, त्याच्या पुढचा त्याहून उंच, आणि जे भराव घालू शकत नाहीत ते पावसाळ्यापूर्वी दाराला विटांचा उंबरा बांधून घेतात. आमच्या गल्लीत असे उंबरे आता घरोघरी दिसतात.

भराव घालण्यापूर्वी पुराच्या पातळीचा नकाशा तपासला होता का, हे आम्ही काही रहिवाशांनी विचारून पाहिले. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवणी झाली आणि शेवटी एवढेच सांगण्यात आले की इमारत नदीपासून नियमाने ठरलेल्या अंतरावर आहे. हा नियम मी मिळवून वाचला. २०१७ पासून गुजरातभर लागू असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीत, जिथे नदीला बांधीव काठ नाही तिथे नदीच्या काठाच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत भरावासह कोणतेही बांधकाम करता येत नाही, आणि कांस, नाला, तलाव यांच्यासाठी हे अंतर ९ मीटर आहे. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. अडचण अशी की विश्वामित्रीचा काठ नेमका कुठे संपतो हे कोण ठरवणार? ज्या नदीला कोतरे आहेत, जिचे पाणी एका वळणावर शंभर पावले आणि दुसऱ्या वळणावर त्याच्या कितीतरी पट पसरते, तिच्या उन्हाळ्यातल्या धारेपासून ३० मीटर मोजले तर पुराच्या पात्रातच इमारत बांधण्याची परवानगी मिळते आणि कागदोपत्री सगळे बिनचूक राहते. सगळीकडे सारखेच मोजलेले अंतर पुराला कळत नाही. पुराला फक्त उंची कळते.

महाराष्ट्रात निदान निळ्या आणि लाल पूररेषेची संकल्पना सर्वसामान्य माणसालाही ठाऊक आहे. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा लाल. या रेषा किती प्रामाणिकपणे आखल्या जातात आणि किती वेळा सोयीने सरकवल्या जातात यावर तिकडे वाद आहेत हे मी वाचत असते, आणि त्या वादांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु वाद घालायलासुद्धा रेषा असावी लागते. नकाशावर रेषा असली की नागरिक विचारू शकतो, न्यायालय तपासू शकते आणि घर घेणाऱ्याला निर्णय घेता येतो.

ही मागणी नवी नाही. विश्वामित्रीच्या रिव्हरफ्रंट प्रकल्पाविरुद्ध शहरातील पर्यावरण कार्यकर्ते राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले होते आणि लवादाच्या पुणे येथील खंडपीठाने २०१६ मध्ये त्या बांधकामाला स्थगिती दिली होती. २५ मे २०२१ च्या निकालात लवादाने नदीसाठी कृती आराखडा तयार करून तो अमलात आणण्यास सांगितले आणि त्यात पूरक्षेत्राची आखणी, अतिक्रमणे हटवणे आणि प्रदूषण रोखणे या गोष्टींचा समावेश होता. म्हणजे रेषा आखण्याची आज्ञा आधीच झालेली आहे. आम्ही काठावरचे लोक ती आमच्या जमिनीवर, आमच्या रस्त्यावर, डोळ्यांनी पाहू इच्छितो.

रिव्हरफ्रंट म्हटले की आमच्याकडे लगेच अहमदाबादचे नाव घेतले जाते. साबरमतीचा काठ मी पाहिला आहे आणि तिथे संध्याकाळी फिरायला येणाऱ्या कुटुंबांचा आनंद खरा आहे. पण तिथे शहरात दिसणारे पाणी वासणा बराजने अडवलेले आणि नर्मदेच्या कालव्यातून आलेले आहे. ती रुंद, वाळूची नदी होती आणि तिला दोन्ही बाजूंनी सरळ काँक्रीटच्या भिंती घालता आल्या. त्यासाठी काठावरच्या हजारो कुटुंबांना उठावे लागले हेही विसरता येत नाही. विश्वामित्री वाकडीतिकडी, अरुंद आणि कोतरांची नदी आहे. तिला सरळ भिंती घातल्या तर तिचे पाणी वेगाने पुढे ढकलले जाईल आणि पुढच्या गावांत जाऊन पसरेल.

शिवाय तिच्यात मगरी आहेत. फेब्रुवारी २०२५ च्या गणनेत शहराच्या पट्ट्यात ४४२ मगरी आढळल्या. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान असलेला हा प्राणी एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध राहतो, अंडी घालतो आणि माणसांना फारसा त्रास न देता जगतो, ही मला बडोद्याची फार मोठी गोष्ट वाटते, जरी पुरात मगर दारात आली की हा अभिमान काही वेळ बाजूला ठेवावा लागतो. मगर मऊ मातीच्या उतरत्या काठावर बिळे करते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथेच अंडी घालते. काठ भिंतीचा झाला तर तिला जागा उरणार नाही, आणि नदीत जागा न उरलेली मगर वस्तीकडे येईल. कारखान्यांच्या मागच्या बाजूला ज्या उतरत्या, गवताळ जागा राहिल्या होत्या त्या तिच्याही उपयोगाच्या होत्या.

२०२५ च्या उन्हाळ्यात शहरातून जाणाऱ्या नदीच्या सुमारे २४ किलोमीटर पट्ट्यात पात्र खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम झाले. राज्य सरकार आणि महानगरपालिका यांनी २०२४ च्या पुराची दखल घेतली हे मी मनापासून मान्य करते. पात्राची वहनक्षमता वाढल्याने लहान पूर लवकर ओसरतील अशी आशा आहे. पण पात्र खोल करणे आणि पाण्याला पसरायला जागा ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. एक केले म्हणून दुसरे टळत नाही. एका बाजूला सरकारी खर्चाने नदीतून माती काढायची आणि दुसऱ्या बाजूला खासगी डंपरने तिच्या काठी माती भरायची, हा व्यवहार शहराला परवडणारा नाही.

नदीकाठची जागा कशी वापरावी याचा धडा आम्हाला बाहेरून आणण्याची गरज नाही. १८७९ मध्ये सयाजीरावांनी नदीच्या दोन्ही तीरांवर कमाटीबाग उभी केली. पूर आला की बागेत पाणी शिरते, चिखल साचतो, आणि प्राणिसंग्रहालयाची काळजी सोडली तर आठ-पंधरा दिवसांत बाग पुन्हा माणसांनी भरते. दीडशे वर्षांत तिची ही क्षमता संपलेली नाही. आणि त्याच्याही कितीतरी आधी, जेव्हा अकोटा हे अंकोट्टक या नावाचे नांदते नगर होते, तेव्हाच्या लोकांनी आपली वस्ती नदीकाठच्या उंच टेकाडावर केली होती. १९५१ मध्ये जिथून सुप्रसिद्ध जैन कांस्यमूर्ती सापडल्या आणि ज्या आज बडोद्याच्या संग्रहालयात आहेत, ते हेच अकोटा. उंचावर राहावे आणि सखल जागा पाण्याला सोडावी एवढे त्या लोकांना समजत होते.

कारखान्याच्या इमारतींबाबतही चांगले उदाहरण शहरातच आहे. अलेम्बिकच्या काही जुन्या वास्तू पाडून न टाकता चित्रकार-शिल्पकारांच्या स्टुडिओंसाठी आणि औद्योगिक वारशाच्या संग्रहालयासाठी वापरात आणल्या गेल्या. जे विटांच्या वास्तूंबाबत करता आले ते जमिनीच्या चढउताराबाबत का करता येऊ नये?

मातीविषयी थोडक्यात लिहिते. जिथे वर्षानुवर्षे रंग, आम्ले, द्रावके आणि तेले हाताळली गेली तिथली माती तपासल्याशिवाय तळघर खणणे किंवा ती माती दुसरीकडे भरावासाठी नेणे योग्य नाही. पुराचे पाणी अशा जमिनीवरून वाहून आमच्या अंगणात येते. तपासणीचा अहवाल बांधकाम परवानगीच्या कागदांबरोबर जोडलेला असावा आणि तो मागणाऱ्या कोणालाही मिळावा, एवढीच अपेक्षा आहे.

मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे मराठी वाचकांना मी सांगायला नको. १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना एक हिस्सा महानगरपालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक हिस्सा म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरली होती. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती राहिली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. नियमातील एका शब्दप्रयोगाने शहराच्या वाट्याची शेकडो एकरांची आशा आटली. बडोद्यातील बऱ्याच औद्योगिक जमिनींचा निर्णय अजून व्हायचा आहे. त्या जमिनींचा वापर औद्योगिकमधून निवासी किंवा व्यापारी असा बदलून देणे हा शासनाचा अधिकार आहे, मालकाचा हक्क नव्हे; आणि अशा बदलाने जमिनीची किंमत जी कित्येक पटींनी वाढते, तिच्या मोबदल्यात नदीच्या बाजूचा सखल पट्टा शहराला मागणे यात अन्याय कसला?

तेव्हा माझी विनंती अशी आहे. महानगरपालिकेने अकोटा, मुजमहुडा आणि नदीलगतच्या इतर औद्योगिक पट्ट्यांत २०१९ आणि २०२४ च्या पुराच्या पातळ्या मोजून, तज्ज्ञांकडून तपासून, निळी आणि लाल अशा दोन्ही रेषा जाहीर कराव्यात आणि दर चौकात, प्रत्येक जुन्या आवाराच्या भिंतीवर त्या रंगवून दाखवाव्यात. ही माहिती फार मोठ्या खर्चाची नाही. अनेक घरांच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा अजून आहेत आणि कुठल्या पायरीपर्यंत पाणी आले होते हे सांगणारी माणसेही आहेत. आतल्या, म्हणजे निळ्या, रेषेच्या आत कोणत्याही कारणाने भराव घालू देऊ नये. बाहेरच्या रेषेच्या आत भराव घालणे अटळ असेल तर जितके घनमीटर भरले तितकेच, त्याच उंचीवर आणि त्याच परिसरात, खोदून मोकळे करण्याची अट असावी, आणि ते खोदकाम इमारतीच्या आधी पूर्ण झालेले असावे. नव्या संकुलात जो कॉमन प्लॉट, म्हणजे सर्वांची सामायिक मोकळी जागा, सोडावा लागतो तो आज बहुतेक ठिकाणी आत कुठेतरी, उंचावर, फरशी घालून केलेला असतो. नदीकाठच्या जमिनींत तो नदीच्या बाजूला, मूळ उतारावर आणि मातीचाच असावा. तिथे मुलांनी आठ-दहा महिने खेळावे आणि पावसाळ्यात तो पाण्याला द्यावा. नदीतून काढलेला गाळ अशा सखल जमिनी भरण्यासाठी कोणालाही देऊ नये.

नव्या संकुलांत घर घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांशीही मला थोडे बोलायचे आहे. त्यांच्याविषयी आमच्या मनात कोणताही राग नाही, आणि जुनी सोसायटी विरुद्ध नवा टॉवर असे चित्र कोणी उभे करू नये. २०२४ मध्ये उंच जोत्यावरच्या घरांत पाणी शिरले नाही, पण तळघरांतल्या गाड्या बुडाल्या, लिफ्ट बंद पडल्या आणि दहाव्या मजल्यावरच्या आजारी माणसाला खाली आणणे आमच्याकडच्यापेक्षाही कठीण गेले. रस्ता पाण्याखाली असेल तर कोरडे घरही बेटासारखे होते. बुकिंग करताना लिफ्ट, जिम आणि पार्किंग यांच्याबरोबरच ही जमीन मूळ किती उंचीवर होती आणि किती भरली, हा प्रश्न त्यांनी लेखी विचारावा. असा प्रश्न शंभर ग्राहकांनी विचारला तर नियमांच्या आधी बाजारच सुधारेल.

आमच्या सोसायटीतील काही जण आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांतील रहिवासी मिळून आपापल्या घरांतील पुराच्या पातळीची नोंद, छायाचित्रांसह, एकत्र करत आहोत. मराठी, गुजराती, सिंधी अशी सगळ्याच घरांतून ही माहिती येत आहे. ती आम्ही महानगरपालिकेला विनामूल्य देऊ. पूररेषा आखण्याचे काम येत्या पावसाळ्याच्या आत सुरू व्हावे, आणि ते होईपर्यंत नदीलगतच्या औद्योगिक जमिनींवरील नव्या भरावाला परवानगी देऊ नये, ही आमची मागणी आपल्या वृत्तपत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र पाठवीत आहे.

कळावे,
आपली नम्र,
अकोट्यातील एक रहिवासी, वडोदरा